मांजरी ते धायरी, व्हाया डिकी

आमच्या मांजरीत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे आणि कट्ट्याचा दिवाळी अंक निघतो. मागच्या अंकात तिघांनी परदेशाची प्रवासवर्णनं लिहिली. बबनराव दुबईला मुलाकडे जाऊन आले, त्यांनी तिथल्या उंच इमारतीवर दोन पानं लिहिली. इमारत पाहिली होती खालून. दुसऱ्यांनी बर्फ पाहिला आणि बर्फ फार गार असतो असं कळवलं. तिसरे सिंगापूरला गेले होते. तिथे रस्त्यावर थुंकता येत नाही, एवढं एकच दुःख त्यांच्या लेखात मनापासून उतरलं होतं.

ते वाचून मी ठरवलं की आपणही लिहायचं. मी चौथी पास आहे. पाचवीत गेलो असतो, पण मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, आणि मास्तर माघार घ्यायला तयार नव्हते.

तर मी धायरीला जाऊन आलो. हसू नका. पुण्याच्या या टोकाला मांजरी, त्या टोकाला धायरी आणि मधे अख्खं पुणं. दुबईला जाणाऱ्याला विमानात चहा मिळतो, पाय ठेवायला जागा मिळते आणि मुख्य म्हणजे दारातून आत जायला मिळतं. कट्ट्यावरच्या कोणीही अजून माझ्यासारखा प्रवास केलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

धायरीला माझी थोरली बहीण असते, आक्का. ती लग्न होऊन गेली तेव्हा मांजरी गाव होतं, धायरीही गाव होतं. आता दोन्ही गावं पुण्याने गिळली. लोक म्हणतात, गावं जवळ आली. जवळ आल्यापासून जायला जास्त वेळ लागतो.

आमच्या गावदेवीच्या यात्रेला आक्का दरवर्षी माहेरी येऊन देवीची ओटी भरते. मधे ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मागची यात्रा हुकली. यंदा तिचा फोन आला. "नामा, न्यायला येशील का? पुढच्या वर्षाचं मी काय सांगावं?"

मी म्हणालो, "आक्का, संतोषनं नवी गाडी घेतलीया. सात सीटची. राणीसारखी आणतो तुला."

फोनवर माणूस असं बोलून जातो.

शनिवार, मांजरी

संतोष माझा मुलगा. त्याच्या गाडीच्या जाहिरातीत सात माणसं हसत बसलेली दाखवली आहेत. ती मी नीट पाहून घेतली. सगळी सडपातळ, कोणाच्या हातात पिशवी नाही आणि मागच्या रांगेत बसलेल्या दोघांना गुडघेच नाहीत.

आमची माणसं गुडघ्यांची. मी, माझी बायको पार्वती, गाडी चालवायला संतोष, त्याची बायको शीतल, शाळेत नुकती जायला लागलेली नात ओवी आणि अजून दात यायचे असलेला नातू. जाताना सहा, येताना आक्का धरून सात. सीटाही सात. यात काय चुकणार?

शीतल आयटीत आहे. शहरातली मुलगी, कमी बोलते, पण बोलली की पुढच्याला उरलेला दिवस विचार करायला लावते. तिने गाडीत दोन खुर्च्या आणल्या. गाडीत सीट, त्या सीटवर खुर्ची, खुर्चीत पोर आणि पोराला पट्टे. एवढं बांधून आमच्याकडे फक्त बैल टेम्पोतून नेतात. त्यात धाकट्याची खुर्ची उलटी. त्याचं तोंड डिकीकडे.

मी म्हणालो, "अगं, त्याला कुठं चाललोय ते दिसायला नको का?"

"आबा, बाळाची मान नाजूक असते. ब्रेक लागला तर झटका पाठीवर यायला हवा, मानेवर नाही."

"आमची पोरं मांडीवर वाढली. एकाची मान गेली न्हाई."

"तेव्हा गाडी किती स्पीडने जायची, आबा?"

"ते बैलावर होतं."

तिचे ओठ जरा हलले.

आता गाडीला मी दिलेली भेट सांगतो. गाडी दारात आली त्याच आठवड्यात मी नाना पेठेत जाऊन तिन्ही रांगांना मखमली कव्हरं शिवून आणली. डाळिंबी रंग, सोनेरी झालर, आत बोटभर फोम. संतोष म्हणाला, "आबा, कंपनीचं लेदर आहे की आत." म्हटलं, ते खराब होऊ नये म्हणूनच हे. हे खराब होऊ नये म्हणून वरून प्लॅस्टिक घालणार होतो, पण शीतलने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की प्लॅस्टिक मी माळ्यावर टाकलं.

शनिवारी निघताना कळलं की सीटच्या खोबणीत, बूड आणि पाठ जुळते तिथे, लोखंडी कड्या असतात आणि खुर्चीचे हूक त्यात अडकवायचे असतात. त्या कड्या माझ्या मखमलीखाली गेलेल्या.

शीतल म्हणाली, "कव्हर काढावं लागेल."

"कव्हर निघत न्हाई. खालून शिवून घेतलंय. कारागिराला मुद्दाम सांगून."

"मग कापावं लागेल."

"मग मी येत न्हाई."

संतोष दोघांकडे बघून म्हणाला, "सीटबेल्टने बांधू ना. हळू चालवतो." मुलगा समजूतदार आहे, माझ्यावर गेलेला नाही. खुर्च्या बेल्टने बांधल्या. मखमलीवर त्या साबण लावल्यासारख्या सरकत होत्या. शीतल म्हणाली, "ठीक आहे, मी मधे बसते." आणि दोन्ही खुर्च्यांच्या मधे, शाळेच्या बाकावर तिसरी मुलगी बसते तशी, अंग चोरून बसली. एक हात ओवीच्या खुर्चीवर, एक बाळाच्या.

पुढची सीट माझी. यात चर्चा नाही. आमच्याकडे पुढची सीट घरातल्या मोठ्या पुरुषाची आणि घरी जावई आला असेल तर जावयाची. मला जावई नाही, त्यामुळे ती कायमच माझी आहे. गाडीची पूजा झाली तेव्हाच मी तिच्यावर माझा पंचा टाकून ठेवला होता.

राहिली पार्वती. तिला तिसरी रांग. तिसऱ्या रांगेत जायचं तर मधली सीट पुढे दुमडावी लागते. पण मधल्या सीटवर खुर्च्या आणि खुर्चीत पोरं. सीट दुमडेना.

"डिकीतून जा की," मी म्हणालो.

डिकीतून जायची रीत अशी. मागच्या सीटची पाठ पाडायची, तिच्यावरून रांगत आत जायचं, पाय खाली सोडायचे, वाकून वळायचं, मग पाठ उभी करायची आणि बसायचं. लुगड्यात. पार्वतीने हे सगळं केलं. तिच्या शेजारी आक्कासाठी घेतलेला ऊस ठेवला. ऊस लांब होता, तो मुलांच्या डोक्यावरून पुढे येत होता, म्हणून शीतलने त्याच्या कांड्या करायला लावल्या. संतोषने डिकी बंद केली. आतून पार्वती एवढंच म्हणाली, "आता हे दार आतनं उघडतं का?"

उघडत नाही. पण हे मंडईत कळलं.

शनिवार, मंडई

हडपसर ते मंडई या प्रवासावर लिहिण्यासारखं काही नाही, कारण प्रवास फारसा झालाच नाही. आम्ही एकाच बसच्या मागच्या जाहिरातीत दात दाखवणारी बाई इतका वेळ पाहिली की शेवटी ओवी तिला टाटा करायला लागली.

ओटीचं सामान मंडईतूनच घ्यायचं, हा माझा हट्ट. आमच्या मांजरीत आता मॉल आहे, पण मॉलमध्ये नारळ हलवून बघू देत नाहीत. मी उतरलो, नारळ हलवून घेतला, खण घेतला. गाडीजवळ येतो तर मागून काचेवर टकटक. पार्वती. तिला वेणी घ्यायची होती, बांगड्या बघायच्या होत्या आणि तिची काच उघडत नव्हती. तिसऱ्या रांगेची काच नुसती बघायला असते.

संतोषने डिकी उघडली. बाहेर यायचं तर पुन्हा पाठ पाड, रांग, आणि तेही मंडईच्या तोंडावर, लोकांसमोर. पार्वती म्हणाली, "मी न्हाई उतरत. इथनंच घेते." ती सीटवर गुडघे टेकून उलटी बसली, पाठीवर कोपरे ठेवले आणि डिकीतून बाहेर बघत फुलवालीशी भाव करायला लागली. गाडीच्या मागे दुकान मांडल्यासारखं दिसत होतं. एक गिऱ्हाईक बाई आली, उसाच्या कांड्यांना हात लावून म्हणाली, "कशी दिली?"

"विकायला न्हाई," पार्वती म्हणाली.

"मग मांडलंय कशाला?"

तेवढ्यात स्कूटरवरचे एक पेठेतले गृहस्थ आमच्या मागे अडकले. कपाळाला गंध, चेहऱ्यावर कंटाळा. त्यांनी हॉर्न वाजवला नाही. शांतपणे संतोषला विचारलं, "आपलं किती दिवस चालणार आहे? म्हणजे त्याप्रमाणे आम्ही घरी कळवतो."

"काका, दोन मिनिटं," संतोष म्हणाला.

"सावकाश. आणि गाडी एवढी मोठी घेतलीत तर दारं पुरेशी का नाही घेतलीत? आजींना मालासारखं भरलंय."

मी त्यांना ऐकवणार होतो. आमच्याकडे असं कोणी बोललं तर त्याला गाडीवरून खाली घेऊन चहा पाजतात, मग भांडतात. पुण्यात चहा गाळून भांडतात. पण तेवढ्यात मला स्वतःलाच हसू आलं आणि मी म्हणालो, "अहो, माल जुना हाय, पण मजबूत हाय."

पार्वतीने वेणी माळली. माझ्याकडे पाहिलं. चाळीसच्या वर वर्षं मी ती नजर ओळखतो. ती नजर म्हणजे उधारी असते. आज नाही, पण फेडावी लागते.

शनिवार, सिंहगड रोड

नारळ मी मांडीवर घेऊन बसलो होतो. देवीचा नारळ खाली ठेवत नाहीत. गाडी आता मोकळ्या रस्त्याला लागली होती आणि मी संतोषला डावी-उजवी सांगत होतो. मला गाडी येत नाही, पण रस्ता कळतो.

"मांडीसारखी जागा न्हाई," मी शीतलला मागे वळून सांगत होतो. "हे बघ, मांजरीपास्नं बसलोय, मंडईतनं नारळ घेतला, जागचा हलला का? माणसाची मांडी म्हंजे..."

एक कुत्रं आडवं आलं. संतोषने ब्रेक मारला.

नारळ माझ्या मांडीवरून उडाला, समोरच्या फळीवर आपटला आणि त्याचे दोन भाग झाले. पाणी काचेवर, माझ्या धोतरावर, टोपीवर. मागून एकदम शीतलचा आवाज आला, शब्द नाही, नुसता आवाज. मी वळून पाहिलं. बाळाची खुर्ची मखमलीवरून सरकून तिरकी झाली होती आणि शीतलने ती एका हाताने धरून ठेवली होती. पूर्ण वजन तिच्या मनगटावर. बाळ रडलंसुद्धा नाही. ते जांभई देत होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मांजरीपासून तिने तो हात तिथून काढलाच नव्हता. मंडईत सगळे सामान बघत होते तेव्हाही.

संतोषने गाडी बाजूला घेतली, खुर्ची सरळ केली, बेल्ट आवळला. शीतलने नारळाचे तुकडे गोळा केले, पाण्याने धुतले, ओवीचा रिकामा डबा होता त्यात भरले आणि झाकण लावून मागे पार्वतीकडे दिला. एक शब्द बोलली असती तर मी चार बोललो असतो. बोलली नाही. ही शहरातली माणसं फार वाईट भांडतात.

ओवीने मात्र विचारलं, "आबा, नारळाला बेल्ट नव्हता का?"

धायरी

धायरीत रस्ता शोधावा लागत नाही. जिथे गाड्या उभ्या दिसतात तोच रस्ता. आमच्या मांजरीत अजून इमारतीच्या मागे ऊस दिसतो. इथे इमारतीच्या मागे इमारत आणि तिच्या मागे डोंगर, आणि डोंगराकडेही बिल्डर बघत असतो असं वाटतं.

आक्का काठी घेऊन दारात उभी होती. तिने आधी पोरांवरून हात ओवाळून बोटं मोडली, मग माझ्या धोतराकडे पाहिलं. "नामा, हे काय सांडलं?"

"देवीचा नारळ," पार्वती मागच्या बाजूने डिकीतून रांगत बाहेर येत म्हणाली. "ह्यांनी वाटेतच वाढवला."

रात्री मासवड्या होत्या. आमच्याकडे मासवडीत सारण सढळ असतं, धायरीला पीठ सढळ असतं, पण रश्श्याला मी नाव ठेवणार नाही. नाव ठेवण्यासारखा तो नव्हता, हे मला आवडलं नाही. शीतल डाव्या हाताने जेवत होती. उजवं मनगट सुजलं होतं. आक्काने आंबेहळद उगाळून लेप लावला आणि विचारलं, "कशानं झालं गं?"

"खुर्ची धरताना, आत्या."

"खुर्ची धरायला माणूस कशाला लागतं?"

शीतल म्हणाली, "लागलं खरं."

मी दुसरी मासवडी मागितली.

रविवार, धायरी

सकाळी आक्का तयार होऊन बाहेर आली. नऊवारी इरकल, नाकात नथ, हातात ओटीचं ताट, त्यात नवा नारळ. गल्लीतल्या बायकांना तिने आधीच सांगून ठेवलेलं दिसत होतं, कारण चार-पाच जणी उगीच केर काढत होत्या.

ती काठी टेकत सरळ गाडीच्या मागे गेली.

"आक्का, तिकडं कुठं?" संतोष म्हणाला.

"मागं बसते. पुढं नामा बसतो न्हवं?"

कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिला ठाऊकच होतं. तिने डिकीच्या काठावर एक हात ठेवला आणि पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय वीतभर वर गेला आणि थांबला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा तेवढाच. मग काही झालंच नाही असं दाखवत ती मागे सरकली आणि ओट्यावर बसली.

"पार्वती, हे घे गं ताट. माझ्या वाटची ओटी तूच भर. देवीला सांग, आक्काला यायचं होतं."

झाडू थांबले. संतोषने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "आबा म्हणत होते तेच करू. बाळाची खुर्ची इथेच ठेवू. मधली जागा मोकळी होईल, आक्का तिथे बसेल. बाळाला शीतल मांडीवर घेईल. थोडं तर अंतर आहे."

म्हणजे माझंच म्हणणं. शनिवारी सकाळपासून मी जे सांगत होतो तेच. शीतल मनगट दुसऱ्या हातात धरून उभी होती आणि बाळाकडे बघत होती.

माझं म्हणणं असं सहज मान्य झालेलं मला कधीच आवडत नाही.

"खुर्ची हलणार न्हाई," मी म्हणालो.

"मग आक्का?"

"आक्का पुढं बसंल."

आक्का म्हणाली, "येडा का काय तू? बाईमाणूस पुढं, आन् तू? लोक काय म्हंतील?"

"लोक धायरीचे हायत. त्यांचं मांजरीत कोण ऐकतं?"

मग पार्वतीने तो प्रश्न विचारला. मंडईपासून ती त्याची वाट बघत होती. अगदी गोड आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आन् तुम्ही कुठं बसणार हो?"

मी आक्काच्या सुनेला म्हणालो, "घरात कात्री हाय का? मोठी?"

तिने कापड कापायची कात्री आणून दिली. मी मधल्या सीटवर वाकलो, बूड आणि पाठ जुळते तिथे बोट घालून चाचपलं आणि डाळिंबी मखमल कापली. सोनेरी झालरीसकट. आतला फोम ओढून काढला. दोन्ही बाजूंना दोन-दोन कड्या निघाल्या, नव्या कोऱ्या, चकचकीत. "हं," मी शीतलला म्हणालो. तिने डाव्या हाताने खुर्ची लावली आणि गुडघ्याने दाबली. खट्ट. मग दुसरी. खट्ट. प्रत्येक खुर्चीवर, हूक नीट बसल्याची, एक हिरवी खूण दिसली. मी खुर्ची दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिली. गाडी हलली, खुर्ची हलली नाही.

संतोष म्हणाला, "आबा, कव्हर..."

"मला ते रंगानं पहिल्यापास्नं आवडलं न्हवतं," मी म्हणालो.

शीतलने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. फक्त पुढच्या सीटवरचा माझा पंचा उचलला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. "मागे गुडघ्याखाली घ्या, आबा. सीट बुटकी आहे."

मग मी डिकीत शिरलो. पाठ पाड, रांग, पाय सोड, वाक, वळ. एवढं लिहायला सोपं आहे. आत डोकं वर केलं तर टोपी छताला लागली आणि खाली पडली. टोपी काढून मी लोकांपुढे फक्त देवळात आणि मयताला बसलेलो आहे. बाहेर आक्काच्या शेजारचे म्हातारे काठीवर हनुवटी टेकून सगळं बघत होते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मांजरीकडं आता माणसं अशीच नेत्यात का?"

"व्हय," मी आतून ओरडलो. "महाग असत्यात ती."

माझ्या मागून पार्वती आली, एका दमात, सरावलेल्या माणसासारखी. "सरका तिकडं," म्हणाली. डिकी बंद झाली.

परत

तिसऱ्या रांगेचं वर्णन कोणत्याही जाहिरातीत नाही, म्हणून मी करतो. गुडघे छातीला लागतात, त्यामुळे थंडी वाजत नाही. वाजणारही नसते, कारण गार हवा दुसऱ्या रांगेतच संपते. रस्त्यातला प्रत्येक उंचवटा आधी पुढच्यांना कळतो, ते "आलं" म्हणतात, आणि ते काय आलं ते आपल्याला माकडहाडात समजतं. मी रस्ता सांगत होतो. "संतोष, डावीकडनं घे." माझा आवाज पुढे पोचेपर्यंत डावीकडचा रस्ता मागे गेलेला असायचा.

"आबा," ओवी तिच्या खुर्चीतून म्हणाली, "माझ्या सीटला गुडघे लावू नका. आणि गाडीत ओरडायचं नसतं."

हे दोन्ही मी तिला आदल्या दिवशी सांगितलेलं होतं.

पुढून मात्र आक्काचा आवाज स्वच्छ येत होता. "संतोष, हे काय रं? ही मेट्रो का? वरनं जाती?" "आगं बया, सगळं समोरनंच येतंय की अंगावर!" स्वारगेट ओलांडलं तेव्हा तिने मान मागे वळवली. मग म्हणाली, "शीतल, तुला सांगते, जन्मात पहिल्यांदा पुढं बसले मी. बैलगाडीत मागं, जीपमधे मागं, टेम्पोत मागं. पडले तेव्हा ॲम्ब्युलन्समधे घातलं, तिथंबी मागंच."

गाडीत सगळे हसले. पार्वतीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि तेवढ्यावर आदल्या दिवशीची उधारी तिने सोडून दिली असं मला वाटलं. तो माझा गैरसमज होता.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती पुढच्या सीटवर कळायची सोय नाही. उलट्या खुर्चीतला नातू डिकीकडे तोंड करून असतो. मी मान लांब करून मधल्या सीटच्या पाठीवर हनुवटी ठेवली की त्याचं तोंड समोर. पुढे बसून मी त्याला काल धायरीपर्यंत आणलं, पण पाहिलं नव्हतं. आता त्याने माझं टक्कल पाहिलं, भुवया वर केल्या आणि बिनदातांचा हसला. माझेही वरचे दात नाहीत. आम्ही हडपसरपर्यंत असे एकमेकांना हसत आलो. शीतलचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. हडपसरच्या गाडीतळापाशी पाहिलं तर तिचा डोळा लागला होता.

मांजरीत शिरलो तर देवळापाशी ढोल सुरू. आमच्या भावकीतल्या आणि शेजारच्या बायका भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. पुढचं दार उघडलं आणि आक्का उतरली. पुढच्या दारातून. बायकांनी भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, कोणी काठी धरली, कोणी ताट. संतोषने आक्काला धरलं, शीतलने खुर्चीतून बाळ काढलं, ओवी आपली आपण उतरली आणि सगळी वरात ढोलाच्या मागे देवळाकडे गेली.

गाडीत आम्ही दोघं राहिलो.

मी काचेवर टकटक केली. ढोलापुढे काय ऐकू जाणार? हाक मारली. एक पोरगं आलं, काचेला नाक लावून बघून गेलं.

"गप बसा," पार्वती म्हणाली. "कोणीतरी उघडंल." तिने पायाशी ठेवलेला ओवीचा डबा घेतला, झाकण काढलं आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. खोबरं."

"कुठलं?"

"तुमच्या मांडीवरचं."

मी घेतलं. नारळ निवडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. खोबरं गोड होतं. आम्ही ते खात बसलो आणि काचेतून देवळाचा कळस बघत राहिलो.

थोड्या वेळाने ढोल थांबला. ओटीचा नारळ माहेरवाशिणीच्या हातात भावाने द्यायचा असतो, आमच्याकडे ती रीत आहे. देवीसमोर आक्का ताट घेऊन उभी राहिली आणि भाऊच नाही. तिचा आवाज इथपर्यंत आला. "नामा कुठाय? आरं, माझा नामा कुठाय?"

मग सगळी वरात, ढोल, बायका, भगत, देवळातून परत गाडीकडे आली. संतोषच्या हातात चावी, पण कट्ट्यावरचे बबनराव पुढे होते. तेच दुबईवाले. त्यांनी डिकी उघडली. मी आत पंच्यावर बसलेलो, टोपी मांडीवर, तोंडात खोबरं.

बबनरावांनी वाकून आत पाहिलं. सगळं गाव त्यांच्या मागे उभं.

"काय नामदेवराव," ते म्हणाले, "कसा झाला प्रवास?"

मी टोपी घातली. छताला लागून ती पुन्हा पडली. मी ती पुन्हा घातली.

"बाजूला व्हा," म्हटलं. "बहिणीला नारळ देऊन येतो. मग तुम्हाला लिहूनच देतो."